एकोणीस चिपटी

पौष वद्य पंचमी, बुधवार, गावच्या बाजाराचा दिवस. जमा एकवीस रुपये सहा आणे. हजर: वर्गातले आम्ही सातजण, ढोलकीवर लहानूबुवा, खुर्चीवर वर्गाचे पर्यवेक्षक, आणि चावडीपुढच्या लिंबाखाली गावातली व बाजाराला आलेली मिळून तीनशेच्या आसपास माणसं. पैसे मी मोजले, दोनदा. साल लिहीत नाही. युद्ध संपलं होतं आणि कंट्रोल संपलं नव्हतं, एवढं पुरे. गावाचं नावही लिहीत नाही. ते गोदावरीच्या काठी, पुणतांब्यापासून पायी दोन तासांवर आहे, आणि ज्या घरांविषयी लिहायचं आहे त्यांत आता नातवंडं नांदतात.

माझा पुतण्या कॉलेजात आहे. त्यांच्याकडे आता लोककलेतून समाज कसा बदलतो असा एक विषयच शिकवतात. मागच्या दिवाळीत तो टेपरेकॉर्डर घेऊन माझ्यापुढे बसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही तर हे पहिल्यांदा शिकलात. तुमच्या खेळांनी कुठे काही बदललं का?" मी त्याला म्हणालो, बदललं, एका घराचं. तो खूश झाला. पुढचं मी त्याला सांगितलं नाही, कारण त्या यंत्रापुढे मला नीट बोलता येईना. म्हणून इथे लिहितो.

आमचं घर नेवासे तालुक्यात, शाळेच्या भिंतीला चिकटून, दोन खोल्यांचं. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. त्यांना आम्ही दादा म्हणत असू. पहाटे पहिला आवाज आईच्या जात्याचा. ती दळताना सासरच्या देवांच्या आणि माहेरच्या देवांच्या अशा दोन्ही ओव्या म्हणायची, दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. जातं थांबलं की दादांची पेटी सुरू व्हायची. तिचा एक सूर फुटका होता; भजनात तो सूर आला की दादा पेटी सोडून गळ्याने तो भरून काढायचे, आणि आम्हा भावंडांना ते गाणं तसंच असतं असं वाटायचं. रविवारी उपासनेला टाळ मी वाजवायचो. जेवायला बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि हुलग्याचे शेंगोळे. शेंगोळे वळताना आईच्या बोटांना एक लय असायची. एका फेरीला किती शेंगोळे होतात ते मी मोजत असे. मोजायची खोड मला तेव्हापासून.

ही खोड दादांकडून आली. आमच्या शाळेच्या अनुदानाला पंधरा मुलं हजर लागायची. इन्स्पेक्टर आले त्या दिवशी चौदा होती. पंधरावा कापूस वेचायला गेला होता. इन्स्पेक्टर माणूस दयाळू. ते म्हणाले, मास्तर, पोरगा रस्त्यात आहे असं समजू. दादांनी हजेरीपटावर चौदा लिहिले. अनुदान कापलं, दादांच्या पगारातले पाच रुपये गेले, आणि चार महिने घरात हुलग्यावाचून दुसरं काही शिजलं नाही. आई वाढताना म्हणायची, "खा रं, चौदा हजर." दादा हसायचे नाहीत. जेवण झाल्यावर ते मला जवळ बसवून म्हणाले, की शांतवन, माणूस खोटं बोलतो, पण आकडा आपण बोलायला लावू तेव्हाच खोटं बोलतो. मला ते इतकं पटलं की पुढे कित्येक वर्षं ते वाक्य मी माझं म्हणूनच लोकांना ऐकवलं.

मॅट्रिक झाल्यावर नोकरी मिळेना. त्या वेळी नगरला एका संस्थेने सहा महिन्यांचा वर्ग काढला. तरुणांना भजन, पोवाडा, सोंग, संवाद शिकवायचे आणि त्यांनी गावोगाव जाऊन दारू, रोगराई, शिवाशिव, काळाबाजार यांवर खेळ करायचे. महिना दहा रुपये विद्यावेतन. त्यातले सहा मी घरी पाठवत असे. आई म्हणाली, "गाऊन कुनाचं प्वाट भरलंय? पर दहा रुपयं म्हंजी दहा रुपयं." दादांना मात्र अभिमान वाटला. त्यांनी फुटक्या सुराच्या पेटीला नवं कापड शिवून दिलं आणि ती माझ्याबरोबर दिली.

वर्गात आम्ही सातजण होतो. देवळाली प्रवऱ्याचा गणपत हा आमच्यातला खरा गायक. उसाच्या मळ्यातलं खातंपितं घर, बापाशी भांडून आलेला. लुगडं नेसून उभा राहिला की बायका त्याला लुगड्याचा भाव विचारायच्या. मला गाता येत नव्हतं. मला लिहिता येत होतं आणि माझे उच्चार स्वच्छ होते, म्हणून संवाद लिहिणं आणि खेळात पुढे उभं राहून पुकारा करणं ही माझी कामं. शिकवायला दोघे. पर्यवेक्षक पुण्याकडचे, शिकलेले. ते दुपारी फळ्यावर समाजाच्या रोगांची नावं लिहायचे आणि त्यापुढे औषधं. सकाळी लहानूबुवा. साठीचा माणूस, तरुणपणी तमाशाच्या फडात ढोलकी वाजवलेली, पुढे ख्रिस्ती झालेला, पण ढोलकी तीच. अक्षरओळख नव्हती. पगार महिना बारा रुपये, म्हणजे आमच्यापेक्षा दोन जास्त.

आज मागे वळून पाहतो तेव्हा त्या वर्गात शिकण्यासारखं जे काही होतं ते बुवांकडे होतं असं मला दिसतं. तेव्हा मात्र मी वहीत सगळं पर्यवेक्षकांचं उतरून घेत होतो. बुवांची रीत अशी: कुठल्याही गावात जाऊन तीन दिवस नुसतं ऐकायचं. पाणवठ्यावर, पारावर, न्हाव्याकडे, चक्कीवर. गावाचं दुखणं गावाच्याच तोंडून घ्यायचं आणि चौथ्या दिवशी त्याचा खेळ करून गावालाच दाखवायचा. पण दाखवताना त्याला घोंगडं घालायचं. नाव बदलायचं, गाव बदलायचं आणि वस्तूही बदलायची. बैलाची गोष्ट असेल तर शेळीची करायची, सुनेची असेल तर बहिणीची. बुवा म्हणायचे, "दुखनं वळखू यावं, मानूस वळखू येऊ नये. आपुन उद्या गाडीत बसून जातो. तो मानूस हितंच ऱ्हातो."

एक गोष्ट बुवांना आवडत नव्हती, ती म्हणजे दिवसाचा खेळ. पण रॉकेलवर कंट्रोल होतं, गॅसबत्ती पेटवायची तर महिन्याचा कोटा एका खेळात जायचा. म्हणून आमचे खेळ बाजाराच्या दिवशी उन्हातच व्हायचे. बुवा कुरकुरायचे, "रातच्याला लोक खेळ बघत्यात. दिसा लोक एकमेकाला बघत्यात." आम्ही हसायचो. म्हाताऱ्याला फडाची आठवण येते असं गणपत म्हणायचा. घोडेगावच्या बैलबाजारात आम्ही दारूचा खेळ केला तेव्हा सगळा बाजार उन्हात हसला होता, आणि त्यामुळे बुवांचं म्हणणं खोटं ठरलं अशी आमची खात्री झाली होती.

त्या गावात आम्ही शनिवारी सांजेला पोचलो आणि धर्मशाळेत उतरलो. रविवारी आणि सोमवारी ऐकलं. दुखणं शोधायला लागलंच नाही. कंट्रोलचं धान्यदुकान तात्यांकडे होतं. तात्या गावचे मोठे बागायतदार, अंगाने थोराड, बोलायला अतिशय मऊ. दुकानातून मिळणारी तांबडी ज्वारी मापात कमी येते हे जो तो सांगत होता, पण किती कमी ते नक्की कोणीच सांगत नव्हतं. कोणी म्हणे शेराला मूठ, कोणी म्हणे पायलीला शेर. मला हा सगळा वारा वाटत होता. वाऱ्यावर खेळ कसा उभा करायचा?

मंगळवारी सकाळी आडावर बायकांची थट्टा चालली होती. एक दुसरीला म्हणाली, "काय गं हौसा, औंदा भितीला टिकल्या किती लावल्या?" सगळ्या हसल्या. ज्या बाईला म्हटलं ती हसली नाही, तिने घागर उचलली आणि निघाली. वाक्य छान वाटलं म्हणून मी ते वहीत लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. वाक्याखाली मी रेघ मारली आहे.

हौसाबाईचं घर म्हणजे तात्यांच्या मळ्याच्या बांधावरची कुडाची खोप. नवरा किसन तात्यांकडे सालदार, म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत वर्षाच्या बोलीवर राबणारा. घरात सासू आणि दोन मुलं. मी ख्रिस्ती मास्तरांचा मुलगा हे गावात कळलेलं होतं; काही घरांत मला ओसरीपर्यंत घेत, काहींत अंगणापर्यंत. टिकल्यांचं विचारायला मी गेलो तेव्हा हौसाबाईने मला आत बोलावलं, जात्याजवळ बसवलं आणि जात्यामागची भिंत दाखवली. शेणाने सारवलेल्या भिंतीवर चुन्याचे ठिपके होते. सात ओळी. तिच्या माहेरची एक लाकडी अधोली होती, दोन शेरांची, आणि एक चिपटं. हल्लीच्या मुलांना किलो कळतो, म्हणून सांगतो: चिपटं म्हणजे पाव शेर, चार चिपट्यांचा शेर, आठ चिपट्यांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. कंट्रोलच्या चिठ्ठीवर तिला आठवड्याच्या हप्त्याला दोन पायल्या मिळायच्या. घरी आणून ती पुन्हा मापायची, आणि जितकी चिपटी कमी भरतील तितके ठिपके भिंतीवर ठेवायची. तीन, दोन, तीन, तीन, दोन, तीन, तीन. मी बोटाने मोजले. एकोणीस.

मी विचारलं, तात्यांचं माप खोटं आहे का? ती म्हणाली, मापावर सरकारचा शिक्का आहे, माप खरं आहे. मग तिने तिचं चिपटं उचललं आणि तात्या कसे भरतात ते दाखवलं: धान्य हलक्या हाताने वरून सोडायचं, दबू द्यायचं नाही, आणि आंगठा मापाच्या आत. मग ती म्हणाली, "मास्तर, मला लिवता येत न्हाई. मला येवढंच सांगा, माझं चुकतंय का त्यांचं?"

मी तिच्या अधोलीत तिचं चिपटं आठ वेळा ओतून पाहिलं. काठोकाठ भरलं. मी म्हणालो, तुमचं बरोबर आहे. तिचा चेहरा मला आठवतो. आनंद झाला असं नाही. सात हप्ते डोक्यावर घेतलेलं ओझं जरा खाली ठेवल्यासारखा झाला. बाहेर निघताना तिने दारात थांबवून विचारलं, "हे कुनाला सांगनार न्हाई न्हवं?" मी म्हणालो की आम्ही खेळात नावं बदलतो, काळजी करू नका.

"मंग बरं," ती म्हणाली. मला चतकोर भाकरी आणि गूळ दिला.

धर्मशाळेत मी सगळ्यांपुढे हिशेब मांडला. पर्यवेक्षक खुर्चीतून उठून उभे राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी वाऱ्याऐवजी पुरावा आणला, असं ते म्हणाले. बुवा ढोलकीला ओढ देत होते. ते म्हणाले, चांगलं हाय, आता ह्याला घोंगडं घाला: ज्वारीचा गूळ करा, दुकानाचा बाजारातला गाडा करा, अन् त्या एकोणिसाचं दुसरं कायतरी करा. नाव बदलायला मी तयार होतो. हौसाबाईची मी चंद्राबाई करून ठेवलीच होती. गूळही केला असता. पण पर्यवेक्षक म्हणाले ज्वारी हवी, कंट्रोलवर खेळ आहे. मग राहिला आकडा. तो मी बदलणार नाही म्हणालो. बुवांनी विचारलं, का? मी म्हणालो, आकडा खोटा लिहिला तर बाकीचा सगळा खेळ खोटा ठरेल. दादांचं वाक्य ऐकवलं. पर्यवेक्षक म्हणाले, अगदी बरोबर, आकड्यात जी ताकद आहे ती गाण्यात नाही.

बुवांनी ढोलकीची ओढ पुरी केली. मग म्हणाले, "तुमी शिकलेली मान्सं. पर ती बाई तिथंच बसलेली आसंल, आन् ऊन आसंल."

मी त्यांना सांगितलं की नाव बदललं आहे.

बुधवारी तिसऱ्या प्रहरी खेळ सुरू झाला. पुढे पोरं, त्यामागे पुरुष, डाव्या अंगाला बायका. तात्या चावडीच्या पायरीवर, पाटलांशेजारी. गणपतने लुगडं नेसून असा काही ठसका धरला की बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. दुसऱ्या मुलाने दुकानदार केला, आंगठा मापात घालून. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. तात्याही हसत होते. हसण्यासारखंच होतं, आणि सारं गाव जे कुजबुजत होतं ते कुणीतरी मोठ्याने करत होतं. मग गणपत पुढे आला, पदर पसरला आणि मी लिहिलेलं म्हणाला:

चिठ्ठीवरती दोन पायल्या, घरी मापता कमी,
सात हप्त्यांची एकोणीस चिपटी, कुठं गेली सांगा तुमी?

एकोणीस हा शब्द त्याने लांबवला, कारण चालच तशी होती. आणि मी पाहिलं की बायकांच्या अंगातून काहीतरी सरकत गेलं. एकीने मान वळवली. मग दुसरीने. आडावर थट्टा करणारी जी होती तिने तर कोपराने शेजारणीला ढोसलं. भिंतीवरच्या टिकल्या आळीत सगळ्यांना ठाऊक होत्या, त्यांची चेष्टाच चालत होती. किती झाल्या तेही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तात्यांना. बायका वळल्या म्हणून पुरुष वळले, पुरुष वळले म्हणून तात्यांनीही हसता हसता तिकडे पाहिलं. उन्हात सगळं स्वच्छ दिसत होतं. हौसाबाई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान खाली घातली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

ढोलकी क्षणभर चुकली. लहानूबुवांची ढोलकी चुकलेली मी त्याआधी ऐकली नव्हती, नंतरही नाही.

खेळ संपल्यावर बिदागी. वर्गाचा विचार आधी पैसे न घेण्याचा होता, पण बुवांनी समजावलं होतं की गावाने दिलेलं परत केलं तर गाव रुसतं. तेव्हा पैसे घ्यायचे, वर्गाच्या पेटीत टाकायचे, आणि रीतीप्रमाणे देणाऱ्याचं नाव पुकारायचं. पुकारा माझा. पहिला हात तात्यांचा उठला. पाच रुपये. मी ती नोट कपाळाला लावली आणि स्वच्छ उच्चारात ओरडलो, "तात्यांकडून पाच रुपये पोहोचले!" मग पाटील दोन रुपये, मग कोणी रुपया, कोणी पावली, कोणी दोन आणे. प्रत्येकाचं नाव मी पुकारलं. एकवीस रुपये सहा आणे होईपर्यंत डाव्या बाजूची ती जागा रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या जुंपत असताना तात्यांचा माणूस बोलवायला आला. चावडीपुढे पंधरा-वीसजण जमले होते. मध्ये ज्वारीचं पोतं, त्यावर सरकारी शिक्क्याचं चिपटं. एका बाजूला किसन उभा, हातात पागोटं. हौसाबाई त्याच्यामागे, कमरेवर तिची लाकडी अधोली, आत चिपटं. ती कुणी आणायला सांगितली होती की तिनेच आणली, मला कळलं नाही. तात्या नेहमीसारखेच मऊ बोलले. म्हणाले, "काल तुमी आमचं डोळं उघडलं. गरिबाचं आमाला एक दाना नको. मास्तर, आकडा तुमचा हाय, तवा माप बी तुमीच करा." आणि चिपटं माझ्या हातात दिलं.

मी पर्यवेक्षकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली; ते समाधानी दिसत होते. मी मापायला बसलो. एक, दोन, तीन, मोठ्याने. गाव ऐकत होतं. प्रत्येक चिपटं मी शिगोशीग भरलं, वर रास ठेवून, पंजा न फिरवता. का ते सांगतो: मला तिची माफी मागायची होती आणि दुसरी रीत सुचत नव्हती. ज्वारी तात्यांची होती, त्यामुळे ही माफी मला फुकट पडत होती. एकोणिसावं चिपटं तिच्या पदरात पडलं तेव्हा तात्या उठले. "आनखी कुनाची तक्रार हाय? आसंल तर आत्ताच सांगा. मास्तर लिवून घेतील." कोणी बोललं नाही. आदल्या दिवशी टाळ्या वाजवणारे तिथेच होते, मी त्यांना ओळखत होतो.

"मंग गावाची बाकी न्हाई," तात्या म्हणाले.

मग त्यांनी किसनच्या सालाचा हिशेब काढला. पाडव्याला सव्वादोन महिने उरले होते. इमान नसलेल्या घराला बांधावर ठेवता येणार नाही, एवढंच म्हणाले. झालेल्या महिन्यांचे पैसे मोजले, ते मला तपासायला लावले. मी तपासले. एका पैची लबाडी नव्हती. खोप सांजेपर्यंत मोकळी करायची होती. किसनने बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "लाव आता टिकल्या." तेवढंच. पुढे ऐकलं, की ते साखर कारखान्याकडे ऊसतोडीला गेले आणि सासू त्याच साली वाटेत कुठेतरी वारली. खरंखोटं मला माहीत नाही, म्हणून त्याचा आकडा मी धरत नाही. धान्यदुकान मात्र कंट्रोल उठेपर्यंत तात्यांकडेच राहिलं.

नगरला परतल्यावर अहवाल मीच लिहिला, पर्यवेक्षकांनी सांगितला तसा. प्रेक्षक सुमारे तीनशे. जमा एकवीस रुपये सहा आणे. परिणाम: कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी संबंधित बाईस एकोणीस चिपटी धान्याची पूर्ण भरपाई, जाहीररीत्या. त्यात एकही शब्द खोटा नाही. तो अहवाल पुढच्या वर्गाला नमुना म्हणून वाचून दाखवत, असं मला नंतर कळलं. बुवांनी तो वर्ग संपायच्या आधीच काम सोडलं. जाताना त्यांनी पेटीचा तो फुटका सूर एकदा दाबून पाहिला.

घरी गेल्यावर मी दादांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून विचारलं, "आकडा बरोबर होता ना?" मी हो म्हणालो. त्यांना इतकं थकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आई चुलीपाशी शेंगोळे वळत होती. तिने हात न थांबवता म्हटलं, "तिनं आकडा तुला दिल्ता. गावाला न्हवता दिला." त्या दिवशी मी मोजले नाहीत.

अहवालात एक नोंद मी केली नाही, ती इथे करतो. चावडीपुढे किसनचा हिशेब चालू असताना हौसाबाई खाली बसली, पदरातली ज्वारी तिने तिच्या अधोलीने पुन्हा मापली. प्रत्येक मापावर पंजा फिरवून, सपाट. दोन अधोल्या भरल्या. मग आपलं चिपटं घेतलं. एक, दोन, तीन. आणि आणखी एक. माझ्या राशींचं भरलं होतं एक चिपटं. ते चिपटं हातात धरून ती उठली. मला वाटलं, तात्यांच्या पोत्यात परत ओतेल. ती माझ्यापुढे आली.

"हे जास्तीचं हाय, माझं न्हाई," ती म्हणाली. "काल समद्यांनी दिलं, मी उठून गेल्ते. खेळ चांगला झाला, मास्तर."

मी टोपी पुढे केली. तिने चिपटं ओतलं, झटकलं आणि परत अधोलीत ठेवलं. पुकारा करायची रीत होती. सगळे माझ्याकडे बघत थांबले होते, बुवासुद्धा. माझ्या तोंडून नाव निघालं नाही. या प्रकरणात मी बाकी नावं लपवली आहेत किंवा बदलली आहेत. हे एक बदललेलं नाही, आणि पुकारा तेवढा राहिला होता.

हौसाबाईकडून एक चिपटं ज्वारी, मला. पोहोचली.